राजपत्रांची बांधणी : प्रकल्प नोंदी, फेब्रुवारी ते जुलै २०२५

३ फेब्रुवारी

वकिलांच्या वाड्यातून आंब्याच्या पेट्यांत भरून आलेले अंक माळ्यावरून खाली उतरवले. वरवर चाळल्यावर दिसलं ते असं: १९४८ नंतरचं मुंबई सरकारचं गॅझेट, १ मे १९६० पासून पुढे महाराष्ट्र शासन राजपत्र, ऐंशीच्या दशकाच्या शेवटापर्यंत. सलग नाही. बहुतेक अंक भाग चार आणि पाचचे, कारण वकिलांना कायदे आणि विधेयकं लागत. विभागीय पुरवण्या आहेत, भाग दोनचा एक मोठा ढीग आहे, आणि सुटी असाधारण राजपत्रं, म्हणजे नेहमीच्या साप्ताहिक अंकांबाहेर निघालेली, कुठेही खोचलेली. एका पेटीच्या तळाला रत्नागिरी-सावंतवाडी गॅझेटिअरचा १८८० चा खंड निघाला. तो या कामात मोडत नाही, त्याची रवानगी काचेच्या कपाटात.

आमच्या वाचनालयाच्या समितीचा ठराव एका ओळीचा आहे: सर्व राजपत्रे पावसाळ्यापूर्वी बांधून घ्यावीत. कशी, ते ठरावात नाही. म्हणून ही वही.

८ फेब्रुवारी

पहिला प्रश्न रचनेचा. अध्यक्षांचं म्हणणं सोपं: तारखेप्रमाणे लावा, वर्षाचा एक गठ्ठा, एक खंड. पण राजपत्र हे एक नियतकालिक नसून एका नावाखाली चालणारी अनेक नियतकालिकं आहेत. भाग एक, भाग दोन, भाग चार, चार-अ, चार-ब, भाग पाच... हल्लीच्या अंकांत भाग चार मराठी अधिनियमांचा आणि भाग आठ त्यांच्या इंग्रजी अनुवादाचा. प्रत्येक भागाचे पानांचे आकडे स्वतंत्र चालतात. शासनाने हे अंकावरच छापून ठेवलंय: ‘स्वतंत्र संकलन म्हणून फाईल करण्यासाठी या भागाला वेगळे पृष्ठ क्रमांक दिले आहेत.’ म्हणजे बांधणीची सूचना छापखान्यातूनच आलेली आहे, आपण फक्त ती वाचायची.

तारखेप्रमाणे बांधलं तर भाग चारच्या पान २१२ नंतर भाग दोनचं पान ९४० येईल आणि त्यानंतर एखाद्या पुरवणीचं पान १८. दिसायला खंड, वापरायला रद्दी.

दुसरं कारण जास्त मोलाचं. कायद्यांच्या छापील प्रतींत तळटीप असते: उद्देश व कारणांच्या निवेदनासाठी पाहा, मुंबई सरकारचं गॅझेट, अमुक साल, भाग पाच, पान अमुक. वाचक आपल्याकडे येतो तो हे तीन धागे हातात घेऊन. साल, भाग, पान. खंडाच्या कण्यावर हेच तीन हवेत आणि आतली शिलाईसुद्धा याच क्रमाने हवी. बाकी सगळं, म्हणजे कापड कुठलं, रंग कुठला, अक्षरं सोनेरी की काळी, हे नंतरचं.

समितीला तोंडी सांगितलं. ‘तुमचं तुम्ही बघा’ असं उत्तर मिळालं, ते होकार म्हणून नोंदवते.

१७ फेब्रुवारी

लावालावी चालू. वकिलांच्या पश्चात कुणीतरी हे अंक एकदा लावले होते, पण शकाप्रमाणे. राजपत्रावर दोन्ही तारखा असतात, इंग्रजी आणि भारतीय सौर. सौर दिनदर्शिका २२ मार्च १९५७ पासून सरकारी कामात आली, तेव्हा १ चैत्र १८७९ होता. तिचं वर्ष २२ मार्चला बदलतं, लीप वर्षी २१ मार्चला. त्यामुळे १९७२ चे जानेवारी ते २० मार्चपर्यंतचे अंक शके १८९३ चे, आणि त्यानंतरचे १८९४ चे. लावणाऱ्याने शके बघून गठ्ठे केले, त्यामुळे प्रत्येक इंग्रजी वर्षाचे पहिले अडीच महिने आदल्या वर्षाच्या गठ्ठ्यात जाऊन बसलेत. पानांचे आकडे मात्र जानेवारीपासून चालतात. प्रत्येक गठ्ठा उघडून वरचा थर काढायचा आणि पुढच्या वर्षाला जोडायचा, एवढंच काम. पण धूळ इतकी, की दुपारी खिडकीपाशी बसून करावं लागतं.

असाधारण अंकांना त्यांचा स्वतःचा असाधारण क्रमांक असतो. ते साप्ताहिक अंकांत घुसडायचे नाहीत. त्या त्या भागाच्या वर्षाच्या शेवटी, क्रमांकाने. जिथे असाधारण अंक पुष्कळ आहेत तिथे त्यांचा वेगळा खंड.

२२ फेब्रुवारी

बांधणीवाले काका आले. पूर्वी तालुक्याच्या कचेरीतली दफ्तरं त्यांच्या वडिलांच्या हातची असत, आता शाळांची हजेरीबुकं आणि ग्रामपंचायतीच्या नोंदवह्या. गठ्ठे बघितले, एक अंक उलगडून उजेडासमोर धरला, कोपरा दोन बोटांत घेऊन हलकेच दुमडला. कोपरा तुटला नाही. १९५० च्या आसपासचा कागद अजून वाकतो. सत्तरच्या दशकातला मात्र पिवळा पडलाय आणि दुमडला की बिस्किटासारखा मोडतो.

मग मुख्य वाद, कडा कापण्याचा. काकांचा आयुष्याचा शिरस्ता: शिवा, चिकटवा, शिकंजात (दाब देणाऱ्या चौकटीत) आवळा आणि कटिंग मशीनखाली तिन्ही बाजू साफ करा.

‘कडा सारखे केल्याबिगर पुस्तक दिसतला कसा, बाईनू?’

त्यांना एक अंक दाखवला. पानाचा आकडा आणि तारीख वरच्या कडेपासून जेमतेम बोटभर खाली. काही अंक आधीच छापखान्यात तिरके कापलेले. अजून अर्ध्या सूताने कापलं तर आकडा गेला. आणि इथे आकडा गेला म्हणजे नुसती शोभा जात नाही. राजपत्र म्हणून जो कागद समोर येतो तो खरा आहे असं न्यायालयाने गृहीत धरायचं, ही १८७२ च्या पुरावा कायद्यातली तरतूद, कलम ८१. नवा साक्ष्य अधिनियम १ जुलै २०२४ पासून लागू झाला, त्यातही ती आहे. ज्या पानावर तारीख नाही आणि आकडा नाही, ते पान वकील कुणाला दाखवणार?

काका बराच वेळ काही बोलले नाहीत. मग म्हणाले, ‘नाय कापणंय. पण माका बोल लावू नकात, खडबडीत दिसता म्हणान.’ नाही लावणार, असं लिहून देते म्हटलं. हसले.

दुसरा वाद बाजूच्या शिलाईचा. गठ्ठ्याला कडेपासून आत टोचा मारून आरपार दोरा ओढला की काम झटपट होतं, पण आतली समासाची पट्टी खाल्ली जाते आणि खंड कधीच सपाट उघडत नाही. वाचक तो दोन हातांनी दाबून धरतो, झेरॉक्सवाला काचेवर पालथा घालून वर कोपर ठेवतो, आणि कणा तिथेच फुटतो. म्हणून घडीतून शिलाई. दोघांचं लगेच जमलं, कारण त्यांच्या वडिलांची पद्धत तीच होती.

५ मार्च

पिना. सगळ्या अंकांना नाहीत, पण ज्यांना आहेत त्यांचं खाऱ्या हवेत काय झालंय ते बघवत नाही. पिन उरलेलीच नाही, तिच्या जागी तांबूस भुकटी आणि भोवती रुपयाएवढा डाग. ओढली की कागद घेऊन येते. काकांची रीत चांगली आहे: बोथट सुरी पिनेच्या पायाखाली सरकवायची, मागच्या बाजूने दोन्ही पाय सरळ करायचे, मग पुढून डोकं उचलायचं. ओढायचं नाही, उचलायचं. ‘पिना काढूकच चार दिस जातले,’ असं ते म्हणाले होते, तो अंदाज फारच उदार ठरला.

कुणीतरी मधल्या काळात फाटलेल्या पानांवर चिकटपट्टी लावली होती. पट्टी गळून पडलीय, डिंक कागदात मुरून तपकिरी झालाय. त्याला आता इलाज नाही. इथून पुढे फाटक्या पानाला पातळ जपानी कागद आणि गव्हाच्या सत्वाची खळ, दुसरं काही नाही. लॅमिनेशनचा सल्ला दोघांनी दिला, दोघांनाही नाही म्हटलं. एकदा प्लास्टिकात बंद झालेला कागद परत बाहेर काढता येत नाही.

१३ मार्च

शिमगा. काका गावी गेले. पालखी घरी येऊन गेल्याशिवाय परतणार नाहीत, आणि आपणही अपेक्षा करू नये.

२६ मार्च

गहाळ अंकांची यादी पूर्ण. प्रत्येक भागाचे पानांचे आकडे सलग असल्यामुळे भोक कुठे आहे ते आपोआप कळतं. ४८८ नंतर एकदम ५०५ आलं, की मधली सोळा पानं नाहीत. साप्ताहिक अंकांची तारीख गुरुवारची, त्यामुळे कुठला आठवडा गेला तेही कळतं. असाधारण अंकांत तेवढं ठामपणे सांगता येत नाही, कारण क्रमांकांच्या मधला अंक दुसऱ्या भागाचा तर नव्हता ना, ते बघावं लागतं.

आता प्रश्न, भोकासकट बांधायचं की थांबायचं? थांबलं तर अजून दहा वर्षं पेटीतच. आणि भोक बुजवून बांधलं, म्हणजे ४८८ ला ५०५ चिकटून शिवलं, तर पुढे ती पानं मिळाली तरी आत घालायला जागा नाही. मधला रस्ता काकांना सुचवला आणि त्यांना तो आवडला: जेवढी पानं नाहीत तेवढ्या अरुंद, दोन बोटं रुंदीच्या जाड कागदाच्या पट्ट्या त्या जागी शिलाईत घ्यायच्या. खंडाची जाडी कण्याशी बरोबर राहते, आणि पान सापडलं की त्या पट्टीला चिकटवता येतं. पहिल्या पट्टीवर पेन्सिलीने: ‘पृष्ठे ४८९ ते ५०४ नाहीत.’ पेन्सिलीनेच. शाई सर्दाळ हवेत पसरते.

शिवाय प्रत्येक खंडाच्या सुरुवातीला एक पान आमच्याकडून: भाग, साल, पृष्ठे कुठून कुठे, असाधारण क्रमांक कुठले, काय नाही. गहाळ अंकांच्या प्रतींसाठी मुंबईला पत्र पाठवलं.

३ एप्रिल

खळ आणि पुठ्ठा. काका मैद्याच्या खळीत मोरचूद घालतात. कसर आणि झुरळं लागू नयेत म्हणून पिढ्यान्‌पिढ्या चालत आलेली रीत, आणि कोकणात तिला कारण आहे. पण तांब्याचा क्षार कागदाला आतून कमकुवत करतो. त्यामुळे तडजोड: पानांना, पट्ट्यांना, अस्तराला लागणारी खळ बिनमोरचुदाची. पुठ्ठ्यावर कापड चढवताना मोरचूद चालेल. दोन वाडगे, दोन कुंचले, आणि निळसर वाडग्यावर चिकटपट्टीची खूण.

पुठ्ठ्याची दिशा बघणं ही मी पहिल्यांदा नीट पाहिलेली गोष्ट. चौकोनी तुकडा दोन्ही हातांत धरून एकदा उभा वाकवायचा, एकदा आडवा. एका बाजूने तो मुकाट्याने वाकतो, दुसऱ्या बाजूने अडतो. सहज वाकतो ती धाग्यांची रेघ, आणि ती कण्याला समांतर ठेवायची. उलट ठेवली तर पावसाळ्यात पुठ्ठा होडीच्या तळासारखा बाक धरतो आणि खंड कपाटात एकमेकांना ढकलत बसतात. आमच्या जुन्या संदर्भग्रंथांची अर्धी फळी अशीच बाकलेली आहे, आजपर्यंत दोष पावसाला देत होतो.

१२ एप्रिल

समितीची बैठक. कातडी बांधणी हवी असा एका सदस्यांचा आग्रह, वकिलांच्या कपाटातले जुने निवाड्यांचे ग्रंथ कसे रुबाबदार दिसतात म्हणून. त्यांच्या हातात त्यातलाच एक दिला. तळवे विटकरी झाले. कातडं कुजून त्याची पूड होते, आणि ती शेजारच्या पुस्तकांनाही लागते. हा अनुभव फक्त आपला नाही. अमेरिकेच्या काँग्रेसचे अहवाल आणि दस्तऐवज १८१७ पासून एका सलग मालिकेत बांधले जातात, सिरियल सेट म्हणतात त्याला. मेंढीच्या कातड्याचे ते खंड असे झडू लागले, की विसाव्या शतकाच्या सुरुवातीला त्यांनी कातडं सोडून बक्रम, म्हणजे खळ दिलेलं जाड कापड, धरलं. त्या मालिकेतली दुसरी गोष्ट मला जास्त आवडते: प्रत्येक खंडाला एकच धावता क्रमांक. आत काय आहे ते पुढचं, कपाटातली जागा आधी पक्की.

मग रेक्झीनचा मुद्दा, स्वस्त म्हणून. आपल्या हवेत स्वस्त रेक्झीन चिकट होतं आणि दोन खंड एकमेकांपासून सोडवताना साल निघते. बक्रम मंजूर. रंग भागाप्रमाणे: चारला निळा, पाचला हिरवा, पुरवण्यांना तपकिरी.

३० एप्रिल

शिलाई जोरात. आंब्याचा हंगाम असल्यामुळे काकांचा मदतनीस बागेत गेला, म्हणून एकटेच. मीही संध्याकाळी बसते.

एक-दोन पानी असाधारण अंकांनी डोकं खाल्लं. सुट्या पानाला घडी नाही, मग दोरा जाणार कशातून? काकांनी चार सुटी पानं घेतली. पहिलं आणि चौथं एका पट्टीने जोडलं, दुसरं आणि तिसरं दुसऱ्या पट्टीने, मग दुसरी जोडी पहिलीच्या पोटात ठेवली. क्रम बिघडला नाही आणि शिवायला घडी तयार. पट्टी लावताना खळ इतकी कमी, की बोटाला फक्त गार लागावी.

दोरा बारीक वापरतात. बारीक-सारीक अंक पुष्कळ असले की प्रत्येक घडीत एक दोरा साचतो आणि कणा पानांपेक्षा जाड होतो. जाड दोऱ्याने खंड पाचरीसारखा होईल. शिलाई तीन फितींवर. दाभण घडीतून बाहेर, फितीला वळसा, परत आत, शेवटी खालच्या घडीला गाठ. दोन इंचांच्या वर खंड न्यायचा नाही हा माझा नियम, कारण त्यापुढे तो स्वतःच्या वजनाने पुढे ओघळतो. म्हणून १९५६ आणि १९५७ चा भाग चार दोन-दोन खंडांत, आणि तोड पानांच्या आकड्यावर नाही तर अंक संपतो तिथे.

१६ मे

कण्यावरची अक्षरं. इथे इतिहास आडवा येतो. १९६० चा भाग चार: एप्रिलअखेरपर्यंत मुंबई सरकारचं गॅझेट, १ मे पासून महाराष्ट्र शासन राजपत्र. एकाच खंडावर दोन नावं कोंबण्यापेक्षा नाव बदललं तिथे खंड तोडला. पातळ झाला तर होऊ दे.

पुरवण्यांत जिल्ह्यांचा घोळ. आपले तालुके ३० एप्रिल १९८१ पर्यंत रत्नागिरीत, १ मे पासून सिंधुदुर्गात. कुलाब्याचं रायगड त्याच वर्षी १ जानेवारीला झालं. आणि सावंतवाडी १९४८ पर्यंत संस्थान, म्हणजे त्याआधीचं तिथलं काही मुंबईच्या गॅझेटात शोधणंच व्यर्थ. कण्यावर जिल्हा टाकायचाच नाही असं ठरवलं. हे सगळं खंडाच्या पहिल्या पानावर दोन ओळींत.

अक्षरं आडवी, कारण खंड जाड आहेत आणि मान वाकडी करून वाचायला कुणाला आवडत नाही. वरून खाली: राजपत्र, भाग, साल, पृष्ठे, तळाशी दाखल क्रमांक. सोनेरी ठसे फक्त भाग आणि साल यांना.

२६ मे

पाऊस आला. मृग अजून लांब, आणि कालपासून कोसळतोय. तयारी जूनच्या हिशेबाने होती. शिकंजात असलेले खंड ओले, म्हणजे खळ सुकलेली नाही. या हवेत ती सुकणारही नाही, बुरशी मात्र धरेल. काकांच्या पडवीतून सगळे रिक्षाने वाचनालयात आणले, प्लास्टिकात गुंडाळून, आणि आणल्याबरोबर प्लास्टिक सोडलं. पुठ्ठ्याच्या आत टीपकागद, तो सकाळ-संध्याकाळ बदलायचा. पंखा चालू, पण वीज असेल तर. उरलेले, शिलाई झालेले पण पुठ्ठा न चढलेले गठ्ठे तसेच फितीने बांधून ठेवले. त्यांना आता दिवाळीनंतर हात लावायचा. पावसात खळ लावायची नाही, यावर काका आणि मी पहिल्या दिवसापासून एकमताचे.

२० जून

पहिला वाचक. आजोबांच्या कुळाच्या जमिनीचा वाद आहे आणि त्यांच्या वकिलांनी खोती निर्मूलन कायदा मूळ स्वरूपात बघून या म्हणून पाठवलं. त्यांनी १९४९ चा खंड मागितला, कारण कायद्याचं नावच मुंबई खोती निर्मूलन अधिनियम, १९४९. पण त्याचा क्रमांक १९५० चा सहावा. म्हणून भाग चार, १९५०. निळा खंड काढला, टेबलावर ठेवला, तो सपाट उघडा राहिला, आणि त्यांनी एका हाताने मोबाईलवर फोटो काढले. उद्देश आणि कारणं हवी असतील तर विधेयक १९४९ चं, तिथे भाग पाच. आमच्या १९४९ च्या भाग पाचमध्ये नेमक्या त्या ठिकाणी पट्ट्या आहेत. त्यांना तसं दाखवलं आणि मुंबईच्या यादीत ती पानं सगळ्यात वर घेतली.

११ जुलै

मुंबईहून पहिल्या प्रती आल्या. खोतीच्या नाहीत, १९६३ च्या आहेत. आकार मोठा आहे, बाहेरच्या कडेने कापाव्या लागतील. पट्टीला चिकटवायच्या त्या पाऊस गेल्यावर. तोवर खंडात सुट्या ठेवायच्या नाहीत, पाकिटात आणि पाकिटावर खंडाचा क्रमांक.

भाग दोनचा निर्णयही झाला. त्यात संकीर्ण सूचना आणि जाहिराती, त्यातच नावबदलाच्या. लोक सगळ्यात जास्त हेच विचारतात, आणि कागद सगळ्यात वाईट याचाच. शिलाई सोसणार नाही. बांधायचा नाही, पुठ्ठ्याच्या झाकणाच्या पेट्यांत सपाट ठेवायचा, पेटीवर तेच तीन: साल, भाग, पान. समितीला हे पटायला वेळ लागला, कारण ठरावात ‘सर्व’ असा शब्द आहे. ठराव दुरुस्त करून घेतला.

एका सदस्यांनी विचारलं, आता सगळं संगणकावर असताना पुढचे अंक मागवायचे का. केंद्राने आपलं राजपत्र छापणं १ ऑक्टोबर २०१५ पासून थांबवलं, तिथे प्रश्नच मिटला. राज्याचंही आता ऑनलाइन मिळतं. नवीन काही मागवत नाही. काकांचं उरलेलं बिल पुढच्या बैठकीत ठेवायचं, त्यात टीपकागदाचा खर्च धरलेला नाही, तो वेगळा दाखवायचा.